परतीचे महाकाव्य आणि पाण्याखालचे घर

१

आधुनिक मराठी साहित्याने महाकाव्यांचे पुनर्वाचन पुष्कळ केले, पण ते बहुधा गंभीर मुद्रेने केले. वि. स. खांडेकरांची 'ययाति' (१९५९), दुर्गा भागवतांचे 'व्यासपर्व' (१९६२), शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (१९६७) आणि इरावती कर्वे यांचे 'युगान्त' (१९६७) या चारही कृतींची प्रकृती परस्परांपासून अगदी भिन्न आहे. तरीही महाकाव्याकडे जाणारा रस्ता शोकातूनच जातो, हे त्यांचे समान गृहीत आहे. महाकाव्याजवळ हसत जाण्याचा अधिकार शिष्ट साहित्याने जणू तमाशाकडे सोपवून दिला. गौळणीतला पेंद्या, मथुरेच्या बाजाराला निघालेली मावशी, वगातला राजाशी सलगीने बोलणारा शिपाई यांना लोकसाहित्याच्या अभ्यासात स्थान मिळाले. महाकाव्यमीमांसेत मात्र मिळाले नाही. मराठी चित्रपटाची गोष्टही वेगळी नाही. 'राजा हरिश्चंद्र'पासून (१९१३) भारतीय कथापट पुराणकथेच्या आधारानेच उभा राहिला, परंतु 'धडाकेबाज' (१९९०) किंवा 'झपाटलेला' (१९९३) यांसारखे विनोदी साहसपट मराठीत लोकप्रिय झाले तेव्हा त्यांनी चमत्कार घेतले, महाकाव्याची चौकट घेतली नाही.

या पार्श्वभूमीवर जोएल आणि ईथन कोएन या बंधूंचा 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाउ?' (२०००) हा अमेरिकी चित्रपट विचारात घेण्याजोगा ठरतो. काव्यदेवतेच्या आवाहनाने तो सुरू होतो आणि होमरच्या 'ओडिसी'वर आपण आधारलेले आहोत असे श्रेयनामावलीतच सांगतो. त्याचा काळ १९३७ चा आहे, स्थळ मिसिसिपी. साखळदंडात खडी फोडणारे तीन कैदी पळतात. त्यांचा म्होरक्या युलिसिस एव्हरेट मॅकगिल हा बोलभांड असून केसांना लावायच्या पोमेडविषयी कमालीचा हळवा आहे. चार दिवसांत धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या आपल्या घरात लुटीचे घबाड पुरले आहे, असे तो पीट आणि डेल्मर या सोबत्यांना सांगतो. वास्तविक घबाड कुठेच नाही. त्याची पत्नी पेनी दुसऱ्याशी लग्न करणार आहे म्हणून त्याला घरी पोचायचे आहे, आणि दोघे त्याच साखळीला जखडलेले असल्यामुळे त्यांच्यापुढे काहीतरी आमिष ठेवणे भाग आहे. पीटच्या शिक्षेचे अवघे दोन आठवडे उरले होते, हे थापेचे सत्य बाहेर आल्यावर कळते. या क्षणी चित्रपटातले हसू पहिल्यांदा घशात अडकते.

होमर आणि कोएन यांच्या घटनांच्या जोड्या लावण्याचा खेळ समीक्षेने पुरेसा खेळून झाला आहे. एकाक्ष बायबलविक्रेता बिग डॅन टीग हा सायक्लॉप्स. ओढ्यावर धुणे धूत गाणाऱ्या तिघी सायरन. पीटचा बेडूक झाला असे डेल्मरला वाटते ती सर्सीची जादू. रूळांवरून ढकलगाडी हाकणारा आंधळा वृद्ध टायरेसिअस. बाप्तिस्म्यासाठी नदीकडे चाललेला शुभ्रवस्त्रधारी समुदाय म्हणजे कमळे खाऊन भान हरपलेले लोक. ही यादी वर्गात उपयोगी पडते, मात्र तिच्यातून काहीच सिद्ध होत नाही. खरा प्रश्न निराळा आहे. महाकाव्याचे विनोदी रूपांतर महाकाव्याला खाली खेचते, की महाकाव्यात आधीपासून असलेले काही मोकळे करते?

२

या प्रश्नाचे सर्वांत परिचित उत्तर बाख्तिनचे आहे. महाकाव्य आणि कादंबरी यांच्याविषयीच्या त्याच्या निबंधानुसार महाकाव्याचा भूतकाळ हा पूर्ण, बंद आणि वर्तमानापासून तुटलेला असतो. हास्य हे अंतर मोडते, वस्तूला हाताच्या टप्प्यात आणते, उलटीपालटी करून पाहते. त्या दृष्टीने कोएन बंधूंचा चित्रपट 'कादंबरीकरणा'चे उदाहरण ठरेल. परंतु हे उत्तर 'इलियड'ला जितके लागू पडते तितके 'ओडिसी'ला पडत नाही. 'ओडिसी'च्या आठव्या सर्गात आरेस आणि ॲफ्रोडाइटी यांना जाळ्यात सापडलेले पाहून देवांनाच हसू आवरत नाही. नवव्या सर्गात नायक स्वतःचे नाव 'कोणीच नाही' असे सांगून राक्षसाला फसवतो आणि महाकाव्याचा सर्वांत थरारक प्रसंग एका शब्दच्छलावर उभा राहतो. अठराव्या सर्गात वेषांतर केलेला राजा दारातल्या भिकाऱ्याशी ठोसेबाजी करतो. अंतर मोडण्याचे काम होमरने स्वतःच आरंभले होते.

ॲरिस्टॉटलला हे ठाऊक होते. विंदा करंदीकरांच्या 'ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र' (१९५७) या अनुवादामुळे 'पोएटिक्स' मराठी अभ्यासकाच्या हाताशी आले, परंतु तिचे वाचन शोकात्मिकेच्या व्याख्येभोवतीच घोटाळत राहिले. विनोदाच्या दृष्टीने तिच्यातील तीन स्थळे मोलाची आहेत. चौथ्या प्रकरणात होमरच्या नावावर चालणाऱ्या 'मार्गायटीस' या लुप्त विनोदी काव्याचे सुखात्मिकेशी तेच नाते सांगितले आहे, जे 'इलियड' आणि 'ओडिसी' यांचे शोकात्मिकेशी आहे. सतराव्या प्रकरणात 'ओडिसी'चे कथासूत्र दोन-चार वाक्यांत आवरून बाकी सारे 'उपकथा' ठरवले आहे. तेराव्या प्रकरणातले स्थळ सर्वांत महत्त्वाचे. सज्जनांचा आणि दुर्जनांचा शेवट वेगवेगळा करणारी 'ओडिसी'सारखी दुहेरी रचना जो आनंद देते तो शोकात्मिकेचा नसून सुखात्मिकेच्या जातीचा आहे, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. आणि पुढे, जिथे हाडवैरीसुद्धा अखेरीस मित्र होऊन निघून जातात व कोणी कोणाला मारत नाही, असे सुखात्मिकेचे टोक तो दाखवतो.

'ओ ब्रदर…' हा चित्रपट या टोकाकडे जाणारी 'ओडिसी' आहे. होमरच्या बाविसाव्या सर्गात मागणीदारांची कत्तल होते आणि त्यानंतर बारा दासींना फासावर चढवले जाते. चित्रपटात पेनीचा वाग्दत्त वर व्हर्नन वॉलड्रिप एव्हरेटला भर दुकानात ठोसे लगावतो आणि पुढे केवळ बाजूला पडतो. होमरचे सारे सोबती वाटेतच मरतात. इथे पीट आणि डेल्मर दोघेही वाचतात. दोर मात्र जात नाही. तो दासींच्या गळ्यातून निघून नायकांसमोर येऊन लटकतो. शेरीफ कूलीने झाडाला फास टांगले आहेत आणि तीन कृष्णवर्णीय मजूर गात कबरी खणत आहेत, या दृश्यात १९३७ सालच्या मिसिसिपीतील झुंडबळींची आठवण टाळता येत नाही. सुखात्मिकेने कत्तल वगळली, तरी फासाची जागा तिला पुसता आली नाही. चित्रपटाच्या बाजूने बोलायचे तर ही त्याची प्रामाणिक जागा आहे.

३

कोएन बंधूंनी 'ओडिसी' मुळातून वाचली नव्हती, असे त्यांनीच मुलाखतींत सांगितले आहे. चमूत अभिजात भाषा-साहित्याचे शिक्षण घेतलेला होता तो डेल्मरची भोळी भूमिका करणारा टिम ब्लेक नेल्सन. या गोष्टीकडे बहुधा गंमत म्हणून पाहिले जाते. सिद्धांताच्या दृष्टीने ती गमतीपेक्षा अधिक आहे. जेनेतच्या परिभाषेत एका संहितेवर दुसरी संहिता लिहिली जाते, तेव्हा खालची संहिता निश्चित असते असे गृहीत धरलेले असते. जॉइसच्या 'युलिसिस'मध्ये (१९२२) ते खरेही आहे. तिथे होमर नेमका आहे, पण झाकलेला आहे. कोएन यांच्याकडे होमर उघडा आहे आणि नेमका नाही. खालची संहिता ही संहिता नसून ऐकीव आहे. समाजाच्या बोलण्यातून, चित्रकथांतून, जुन्या चित्रपटांतून झिरपलेली 'ओडिसी' असे तिला म्हणता येईल.

भारतीय वाचकाला यात नवे काही वाटू नये. ए. के. रामानुजन यांनी रामायण-महाभारताविषयी म्हटले आहे की ही काव्ये इथे कोणी पहिल्यांदा वाचत नाही. ती वाचण्याआधीच माहीत असतात. कीर्तनाच्या उत्तररंगातले आख्यान ऐकणाऱ्याला द्रौपदीची गोष्ट नव्याने कळत नसते. तो बुवा या वेळी ती कुठे वळवतात ते पाहत असतो. 'रूपांतर' हा शब्द मूळ संहितेशी इमान आणि बेइमानी यांचा हिशेब मागतो. 'आख्यान' हा शब्द तो मागत नाही. कोएन यांच्या कृतीला 'ओडिसीचे रूपांतर' म्हणण्याऐवजी 'ओडिसीचे आख्यान लावले आहे' असे म्हणावे, तर तिचे स्वरूप अधिक नीट कळते. मराठी समीक्षेने इंग्रजी संज्ञांना प्रतिशब्द शोधण्यात जितके श्रम खर्च केले, त्याच्या दशांशाने जरी आपल्या जुन्या संज्ञा कामाला लावल्या असत्या, तरी परिभाषाकोशांची पाने थोडी कमी झाली असती.

हाच मुद्दा पेणच्या एखाद्या गणपती-कारखान्यात अधिक मूर्त होतो. पेण शहरात आणि हमरापूर-जोहे परिसरात साच्यातून मूर्ती निघतात. मराठी समीक्षेत 'साचा' आणि 'साचेबद्ध' हे दूषणाचे शब्द आहेत. कारखान्यात साचा ही केवळ कामाची सुरुवात असते. एकाच साच्यातून शेकडो मूर्ती निघतात आणि मूर्तीची किंमत ठरते ती पुढच्या हाताने, विशेषतः डोळ्यांच्या आखणीने. आखणी करणारा कारागीर वेगळा असतो आणि त्याचा मान वेगळा असतो. ॲरिस्टॉटलने सतराव्या प्रकरणात 'ओडिसी'चे जे दोन-चार वाक्यांत सूत्र दिले, तो साचा. घराकडे निघालेला, वाटेत अडलेला, घरी मागणीदार बसलेला पुरुष एवढेच त्यात आहे. बाकी सारी आखणी.

जेनेत-बाख्तिन यांना सोडून मिलमन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांच्याकडे वळले तर ही गोष्ट होमरलाही लागू पडते. लॉर्डच्या 'द सिंगर ऑफ टेल्स'ने (१९६०) युगोस्लावियातील गायकांच्या अभ्यासावरून दाखवले की मौखिक महाकवी पाठ म्हणत नसतो. ठरलेली पदे, ठरलेले प्रसंग यांच्या आधाराने प्रत्येक वेळी तो काव्य नव्याने रचतो. पेण-अलिबाग पट्ट्यात आगरी समाजाच्या लग्नात धवले गाणारी धवलारीण याच जातीची कलावंत आहे. लग्नाच्या प्रत्येक विधीला तिचे गाणे हवे असते, त्याचा क्रम तिला ठाऊक असतो, आणि समोरच्या घरातली नावे व नाती गाण्यात ओवण्याचे कसबही तिच्यापाशी असते. या गीतप्रकाराचे नाव थेट मराठी काव्याच्या आरंभाशी जाऊन भिडते. तेराव्या शतकातील महदंबेचे 'धवळे' हे लग्नगीतच आहे आणि त्याचा विषय रुक्मिणीस्वयंवर हा पुराणातला आहे. पुराणकथा लग्नघरात उतरवायची आणि लग्नघर पुराणात चढवायचे, हे मराठीत एका स्त्रीने आणि गाण्यातून आधी केले, ही नोंद महाकाव्याच्या रूपांतराची चर्चा करताना सहसा विसरली जाते.

४

गाणे हाच या चित्रपटाचा सर्वांत यशस्वी भाग आहे. टी बोन बर्नेट यांनी जुळवलेले जुन्या ग्रामीण अमेरिकेचे संगीत चित्रपटाइतकेच गाजले; २००२ साली त्या ध्वनिमुद्रिकेला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. चार पैसे मिळावेत म्हणून एव्हरेट, पीट, डेल्मर आणि वाटेत भेटलेला कृष्णवर्णीय गिटारवादक टॉमी जॉन्सन एका आकाशवाणी केंद्रात शिरतात आणि आंधळ्या व्यवस्थापकासमोर एक विरहगीत गाऊन तबकडीवर नोंदवतात. मग ते निघून जातात. ते गाणे सगळ्या राज्यात पसरते, आणि ते गाणाऱ्यांना याचा पत्ता नसतो.

'ओडिसी'च्या आठव्या सर्गात आंधळा गायक डेमोडोकस परक्या राजसभेत ट्रॉयच्या कथा गातो आणि ओळख लपवून बसलेला ओडिसिअस स्वतःचीच कीर्ती ऐकून तोंडावर वस्त्र ओढून रडतो. ग्रीक महाकाव्याच्या केंद्रस्थानी असलेली 'क्लेऑस' ही कल्पना, म्हणजे ऐकली जाणारी कीर्ती, तिथे नायकासमोर उभी राहते. चित्रपटात कीर्ती नायकाला गाठतच नाही. ती त्याच्या पुढे धावत असते. तबकडीने कीर्तीला देहापासून तोडले आहे. जी ओळख होमरकडे अश्रूंनी होते, ती इथे एका निवडणूक-मेजवानीत टाळ्यांनी होते, खोट्या दाढ्या लावलेल्या गायकांचा आवाज श्रोते ओळखतात तेव्हा. यांत्रिक पुनरुत्पादनाच्या काळातील महाकाव्यावर याहून नेमके भाष्य चित्रपटमाध्यमात क्वचितच झाले असेल.

मात्र इथेच चित्रपट सर्वांत सैल होतो. सुधारणेच्या गोष्टी करणारा उमेदवार होमर स्टोक्स हा कू क्लक्स क्लॅनचा प्रमुख आहे. टॉमीला फासावर देण्यासाठी जमलेल्या क्लॅनच्या सभेचे चित्रण एखाद्या भव्य नृत्यनाट्यासारखे होते आणि नायक तिथून टॉमीला सोडवतात. पुढे भर मेजवानीत स्टोक्स हे गायक गोरे नाहीत, वर्णसंकर करणारे आहेत, असे ओरडतो, तेव्हा लोक त्याला उचलून बाहेर फेकतात. का? वंशद्वेषाची किळस आली म्हणून नव्हे. त्याने त्यांचे आवडते गाणे बंद पाडले म्हणून. सत्ताधारी गव्हर्नर मेनेलॉस 'पॅपी' ओडॅनियल हे पाहून मंचावर चढतो, गायकांना माफी देतो आणि निवडणूक खिशात घालतो. पिठाचा व्यापार आणि आकाशवाणी यांच्या जोरावर टेक्सासचा गव्हर्नर झालेल्या एका खऱ्या राजकारण्याचे नाव त्याला दिले आहे. गाणे लोकप्रिय झाल्यामुळे अन्याय टळतो, ही कल्पना उपरोधाने मांडली असती तर ती जळजळीत ठरली असती. पण चित्रपट उपरोध आणि समाधान यांच्यामध्ये डोलत राहतो. टॉमी पाण्यातून वाचतो खरा, परंतु ज्या कथेत तो सर्वाधिक धोक्यात होता त्या कथेत त्याला शेवट मिळत नाही. पेनी आणि एव्हरेट यांचे काय होते हे प्रेक्षकाला कळते. टॉमीचे काय होते याची कोणाला फिकीर नाही.

याच्या जोडीला कुंदन शाह यांचा 'जाने भी दो यारो' (१९८३) ठेवून पाहावा. मुंबईतील बांधकाम व्यावसायिक, पालिका अधिकारी आणि वृत्तपत्रे यांच्या साट्यालोट्यात सापडलेले दोन छायाचित्रकार एक प्रेत घेऊन पळत सुटतात आणि महाभारताच्या नाटकात घुसतात. प्रेताला द्रौपदीची साडी नेसवली जाते, दुर्योधनापासून धृतराष्ट्रापर्यंत सगळेच गोंधळतात आणि वस्त्रहरण थांबते. इथे महाकाव्य चौकट म्हणून येत नाही. ते रंगमंचावर उभे आहे आणि वर्तमान त्याच्यावर धडकते. प्रेक्षकाला पुढचा प्रत्येक संवाद पाठ असल्यामुळे प्रत्येक चुकलेला संवाद हशा पिकवतो. रामानुजन यांच्या विधानाचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण. पण दोन्ही चित्रपटांची दिशा पाहावी. कोएन यांचे नायक कैद्यांच्या पोशाखात सुरुवात करतात आणि माफी मिळून घरी जातात. विनोद आणि सुधीर स्वच्छ कपड्यांत सुरुवात करतात आणि कैद्यांच्या पोशाखात शेवट करतात. महाभारताच्या हास्यातून घरी परतण्याची सोय नाही, कारण ती मुळात परतीची कथा नाही.

५

जेमसनने उत्तर-आधुनिक चित्रपटातील भूतकाळाला 'स्मरणरंजन' म्हटले आणि अशा अनुकरणाला टीकेचे दात नसतात असा आक्षेप घेतला. 'ओ ब्रदर…'च्या बाबतीत हा आक्षेप अगदी शब्दशः खरा करून दाखवता येतो. छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी उन्हाळ्यातील हिरवेगार मिसिसिपी चित्रित केले आणि नंतर संगणकावर सगळी हिरवाई करपलेल्या पिवळ्या रंगात बदलली. आरंभापासून अखेरपर्यंत अशी संगणकीय रंगप्रक्रिया झालेल्या पहिल्या कथापटांपैकी हा एक आहे. म्हणजे इथला भूतकाळ अक्षरशः रंगवलेला आहे. शीर्षकसुद्धा उसने आहे. प्रेस्टन स्टर्जेसच्या 'सलिव्हन्स ट्रॅव्हल्स'मध्ये (१९४१) विनोदी चित्रपटांचा एक दिग्दर्शक गरिबांच्या दुःखावर ज्या गंभीर चित्रपटाची स्वप्ने पाहतो, त्याचे हे नाव. त्या दिग्दर्शकाला तुरुंगात गेल्यावर हास्याचे मोल कळते आणि तो ती कृती कधीच करत नाही. न झालेल्या गंभीर चित्रपटाचे नाव घेऊन विनोदी चित्रपट करणे हा डाव धूर्त आहे.

१९३७ हे साल मराठी वाचकाला रिकामे नाही. त्या वर्षी मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती पद्धत रद्द करणारे विधेयक मांडले. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यात, पेणपासून फार लांब नसलेल्या चरी येथे कुळांनी १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पुकारलेला संप तेव्हाही चालू होता. तो १९३९ पर्यंत टिकला. जमिनी पडीक ठेवून इतकी वर्षे तग धरलेल्या माणसांच्या बाजूला ठेवले, की चित्रपटातली मंदी एकदम देखावा वाटू लागते. बँकेने जप्त केलेल्या शेतांचे उल्लेख तिथे आहेत, भूक मात्र कुठे नाही.

तरीही जेमसनचा आक्षेप चित्रपटाच्या शेवटाला पुरा पडत नाही, कारण शेवटी पाणी येते.

फास गळ्याशी आलेला असताना एव्हरेट गुडघे टेकून देवाची करुणा भाकतो. आयुष्यभर बुद्धिवादाच्या गप्पा मारलेला हा माणूस मुलींचे तोंड एकदा पाहू दे म्हणून रडतो. त्याच क्षणी धरणाचे पाणी दरीत शिरते आणि घर, झाड, फास, शेरीफ सगळे गिळून टाकते. सोबती याला चमत्कार म्हणतात, तर शवपेटीला धरून तरंगणारा एव्हरेट लगेच सावरतो. ही जलविद्युत आहे, आता वीज घरोघर जाईल, भाबड्या समजुती सरतील आणि तर्काचे युग येईल, अशा आशयाचे भाषण तो ठोकतो. आणि बोलता बोलता त्याला कापसाच्या कोठाराच्या छपरावर उभी असलेली गाय दिसते. आंधळ्या वृद्धाने हेच भविष्य सांगितले होते. इतिहास आणि भाकीत एकाच चौकटीत उभे राहतात आणि एकही मागे हटत नाही. होमरकडे पाण्याचा देव पोसायडन हा नायकाचा वैरी होता. इथे पाणी तारते. पण ते कोणाचे पाणी आहे?

पेण-रोहे या टापूतला वाचक हा प्रश्न अलंकार म्हणून विचारत नाही. टाटा कंपनीच्या जलविद्युत प्रकल्पासाठी मुळशी खोऱ्यातली गावे पाण्याखाली गेली आणि त्याविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह झाला. ते पाणी सह्याद्री उतरून भिरा येथील वीजगृहात येते. हे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. तिथून ते कुंडलिकेत सोडले जाते आणि कोलाड, रोहे करत रेवदंड्याच्या खाडीला मिळते. घाटावरच्या बुडालेल्या गावांचे पाणी कोकणातल्या नदीला बारमाही करते. रोह्याच्या काठावर उभे राहून पाहिले तर कुंडलिकेचा ओघ पावसाइतकाच विजेच्या मागणीवर चढतो-उतरतो. अलीकडे कोलाडला त्याच सोडलेल्या पाण्यावर नौका-साहसाचा धंदा चालतो. साहस आणि विनोद यांच्या मुळाशी बुडालेले घर, हा कोएन यांचाच आराखडा नकळत इथे गिरवला गेला आहे.

पेण तालुक्यात गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते. हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईकडे जाते. त्याच धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सप्टेंबर २००८ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही यावर शासनाने शेतकऱ्यांचे मत अजमावले. बाळगंगा नदीवरच्या प्रकल्पात गावे हलवण्याचा आणि वसवण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. अशा ठिकाणी एव्हरेटचे विजेविषयीचे भाषण ऐकणाऱ्याचे अपेक्षाक्षितिज मिसिसिपीच्या किंवा कान महोत्सवाच्या प्रेक्षकाहून वेगळे असणार. त्याला भाषणातला विनोद कळतो, आणि वक्त्याला न दिसलेली एक गोष्टही दिसते. चित्रपटात दरी खाली झालेली आहे. त्या घरात एव्हरेटखेरीज कोणाचा जीव अडकलेला नाही. ज्या खोऱ्यात पाणी भरते त्या खोऱ्यातली बाकीची माणसे कुठे गेली, याचे उत्तर देणारे एकही दृश्य नाही. टेनेसी खोऱ्याच्या विकासासाठी १९३३ साली स्थापलेल्या प्राधिकरणाच्या धरणांसाठी हजारो कुटुंबांना उठावे लागले होते; चित्रपट त्या इतिहासाचे पाणी घेतो, त्यातली माणसे घेत नाही. महाकाव्याने इथे इतिहासाची सोय केली आहे. नायक एक असला की विस्थापितही एकच उरतो.

६

आता होमरच्या तेविसाव्या सर्गाकडे वळले पाहिजे. परतलेला पुरुष आपलाच पती आहे याची खात्री पेनेलोपी कशी करते? शयनगृहातला पलंग बाहेर काढून ठेवा, असे ती दासीला सांगते. ओडिसिअस भडकतो, कारण तो पलंग हलवताच येणार नाही. जमिनीत रुजलेल्या ऑलिव्हच्या बुंध्याचाच त्याने खांब केला होता आणि त्याभोवती घर बांधले होते. 'ओडिसी'तली परत, 'नोस्टोस', या न हलणाऱ्या वस्तूवर टेकलेली आहे. घर म्हणजे जे हलवता येत नाही ते. समुद्र कितीही फिरवो, मुळे जागेवर आहेत.

कोएन यांनी पलंगाऐवजी अंगठी घेतली. पेनीला लग्नासाठी तिची जुनीच अंगठी हवी आहे आणि ती बुडणाऱ्या घरातल्या लिहिण्याच्या मेजात आहे. पुरातून टॉमी त्याच मेजावर बसून वर येतो, आत अंगठी सापडते, एव्हरेट ती विजयाने आणतो, आणि पेनी सांगते की ही माझी नाही, मावशीची आहे. खरी अंगठी घरातच कुठेतरी राहिली. ती आण, नाहीतर लग्न नाही. आता घरावर तळे आहे.

ही जागा चित्रपटाने कदाचित केवळ शेवटचा विनोद म्हणून योजली असेल. पण तिच्यात मूळ महाकाव्याची सर्वांत खोल दुरुस्ती आहे. जे हलत नाही तेच बुडते. हलणाऱ्या वस्तू (शवपेटी, मेज, गिटार, पोमेडचे डबे) पाण्यावर येतात. रुजलेल्या वस्तू खाली राहतात. ऑलिव्हच्या झाडावर भरवसा ठेवणारी पेनेलोपी या दरीत राहत असती तर तिची खूणच नाहीशी झाली असती. परत आलेल्याला घर ओळखेल का, हा होमरचा प्रश्न. परत येण्याजोगे घर उरेल का, हा विसाव्या शतकाचा. दुसऱ्या प्रश्नाला 'ओडिसी'चा साचा अपुरा पडतो आणि चित्रपट तो साचा तिथे मोडू देतो.

होमरमध्येही परत ही अखेर नव्हतीच, हे इथे लक्षात घ्यावे लागेल. टायरेसिअसने ओडिसिअसला सांगितले होते की घरी पोचल्यावर खांद्यावर वल्हे घेऊन पुन्हा निघ आणि जिथे ते वल्हे म्हणजे धान्य उफणण्याचे साधन आहे असे कोणी म्हणेल, इतका समुद्रापासून दूर जा. पलंगाची ओळख पटल्यावर पेनेलोपीला तो हे सांगतो आणि ती ते शांतपणे ऐकून घेते. कोएन यांची पेनी शांत नाही. भर रस्त्यात ती एव्हरेटला त्या तळ्याकडे पाठवू पाहते. तो आकडेमोड करून किती हेक्टर पाणी, किती खोल, हे समजावत मागे चालतो आणि ती ऐकत नाही. मागे दोरीला धरून मुलींची रांग. सर्वांत मागची धाकटी रेल्वेच्या फाटकाशी थबकते; रूळांवरून तो आंधळा वृद्ध आपली ढकलगाडी हाकत, गात निघून जातो, आणि दोरी ताणली गेल्यावर ती पुन्हा चालू लागते.